पिस्तूल आधी घराबाहेर काढ

प्रिय बंड्या,

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "आणि हो, ते पिस्तूल कपाटात वर ठेवलंय, त्याला माहीत नाही." तेवढ्यात वहिनींनी हाक मारली आणि आपलं बोलणं थांबलं. त्याआधी तासभर आपण तुझ्या मुलाचं डिप्रेशन, त्याची औषधं, शाळेतली गैरहजेरी, कॉलेजचे अर्ज, वहिनींचं जागरण यांवरच बोलत होतो. पण त्या शेवटच्या वाक्यानं मला झोप लागू दिलेली नाही. फोनवर आपण दोघंही एकमेकांना पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहितोय.

आधी मागणी सांगतो, कारणं मागून. ते पिस्तूल या आठवड्यात घराबाहेर गेलं पाहिजे. दुसऱ्या कपाटात नको, नवीन तिजोरीतही नको. घराबाहेर.

तू ते का घेतलंस हे मला ठाऊक आहे. अमेरिकेत आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना माहीत झालंय, तुझ्या शेजारचं घर फोडलं तेव्हा वहिनी रात्र-रात्र बसून होत्या. तू लायसन्स काढलंस, नेमबाजीच्या रेंजवर जाऊन नीट शिकलास. तुझ्या हक्काबद्दल माझी तक्रार नाही, आणि या पत्रात मला तो वाद घालायचाही नाही. ज्या वेळी ते घेतलंस त्या वेळी घरात आजारी माणूस नव्हतं. आता आहे.

"त्याला माहीत नाही" यावर मात्र विश्वास ठेवू नकोस. आईनं पैसे कुठल्या डब्यात लपवलेत हे आपल्याला माहीत नव्हतं का? इथल्या संशोधकांनी बंदूक असलेल्या घरांतल्या आईवडिलांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं, तेव्हा "मुलाला जागा माहीत नाही" असं ठामपणे सांगणाऱ्या बऱ्याच आईवडिलांच्या मुलांनी ती माहीत असल्याचं सांगितलं. लपवणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे, बंड्या.

मिशिगनमधलं ऑक्सफर्ड तुझ्याच काउंटीत आहे, त्यामुळे 30 नोव्हेंबर 2021 ची आठवण तुला मी करून द्यायला नको. पंधरा वर्षांच्या मुलानं शाळेत चार मुलांचा जीव घेतला. बापानं ते पिस्तूल चारच दिवस आधी विकत आणलं होतं. त्या दिवशी सकाळी गणिताच्या कागदावर त्या मुलानं बंदुकीचं चित्र काढलं होतं, आणि विचार थांबत नाहीत, मला मदत करा, असं लिहिलं होतं. शाळेनं आईवडिलांना बोलावलं. ते आले, कागद पाहिला आणि त्याला वर्गात परत पाठवून कामावर निघून गेले. त्याच्या दप्तरात कुणी डोकावलं नाही. पुढे खटल्यात निघालं की पिस्तूल घरात कपाटात "लपवून" ठेवलं होतं आणि त्याचं केबल लॉक (बंदुकीतून ओवायची कुलपाची तार) पाकिटातून बाहेरही काढलेलं नव्हतं. 2024 मध्ये ज्यूरीनं आधी आईला आणि मग बापाला दोषी ठरवलं, दोघांनाही 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या अशा हत्याकांडासाठी आईवडिलांना मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ.

हे वाचून तुझा संताप होईल, की नान्या माझ्या पोराला त्या रांगेत बसवतो. मुळीच नाही. डिप्रेशन असलेली मुलं दुसऱ्याच्या जिवावर उठतात ही समजूत धादांत खोटी आहे. मनाचा आजार असलेली माणसं मारणाऱ्यांत असतात त्यापेक्षा मार खाणाऱ्यांत कितीतरी जास्त असतात. या देशात बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्यांचे आहेत. टीव्हीवर ते येत नाहीत एवढंच. मला तुझ्या पोराची भीती वाटत नाही, पोरासाठी भीती वाटते.

त्याचं एक कारण तूच मला सांगितलंस, आणि तेही कौतुकानं. त्यानं गिटार मित्राला देऊन टाकली. "मन मोठं आहे रे त्याचं," असं तू म्हणालास. बंड्या, ज्या गिटारला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही, तिची तार तुटली की जेवायचा नाही, ती गिटार त्यानं देऊन टाकली! आवडीच्या वस्तू अशा वाटून टाकणं हे नुसतं मोठं मन नसतं. ही गोष्ट उद्याच्या उद्या त्याच्या थेरपिस्टच्या कानावर घाल. आणि त्याला स्वतःला सरळ विचार, "तुला मरावंसं वाटतं का?" हेच शब्द. विचारल्यानं डोक्यात नसलेलं डोक्यात येईल, ही भीती काढून टाक. तसं होत नाही हे पुष्कळदा तपासून झालेलं आहे. उत्तर "हो" आलं तर त्याला शिकवू नकोस, रडू नकोस, ऐक. मग त्याच्याशेजारी बसूनच 988 ला, आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनला, फोन लाव. 2022 पासून हा नंबर देशभर चालू आहे, रात्रंदिवस, मेसेजही करता येतो. आणि त्या क्षणी त्याला एकटं सोडायचं नाही.

आता पिस्तूल घराबाहेरच का, कुलपात का नाही, ते सांगतो. आपल्याला वाटतं, ज्याला मरायचं आहे तो काहीतरी शोधणारच. हे बरोबर नाही. ह्यूस्टनमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नात मरणाच्या दारातून परत आलेल्या 13 ते 34 वयाच्या लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास आहे. त्यांतल्या जवळजवळ चौथ्या हिश्शानं सांगितलं की ठरवणं आणि करणं यांत पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती. लाट येते तशी ओसरते, आणि ओसरली की त्यातली बहुतेक माणसं जगतात, पुढेही जगतात. मात्र हाताशी बंदूक असली तर मागे फिरायला जागाच उरत नाही. इस्रायलच्या सैन्यात 2006 मध्ये एक साधा बदल केला: आठवड्याच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या सैनिकांनी रायफल तळावरच ठेवून जायची. अठरा ते एकवीसची ती पोरं. त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाल्या. सुट्टीच्या दिवसांतल्या कमी झाल्या आणि इतर वारी वाढल्या, असंही झालं नाही.

त्यात तुझ्या मुलाला औषध सुरू होऊन दोनच आठवडे झालेत. नैराश्याच्या या औषधांचा पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि अगदी सुरुवातीला किंवा डोस बदलताना तरुण मुलांवर बारीक लक्ष ठेवा, अशी चौकटीतली ताकीद 2004 पासून औषधाच्या माहितीपत्रकावर छापलेली असते. म्हणजे औषध वाईट आहे असं नाही, आणि ते मनानं बंद तर अजिबात करू नका. आमच्या लेकीला त्याच औषधानं उभं केलं. पण हे आठवडे जपण्याचे आहेत.

लेकीचं म्हणशील तर, पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरात बंदूक आहे का? ज्या घरी ती राहायला जाते तिथे?" तेव्हा आम्हाला तो प्रश्न अस्थानी वाटला होता. ती बरी होऊन नोकरीला लागली, त्यानंतर एकदा भांडी विसळता विसळता तिनं आईला सांगितलं की एका रात्री ती घरभर फिरली होती, काही सापडतंय का बघत. काही सापडलं नाही. मग स्वयंपाकघरातला दिवा लावून बसून राहिली आणि पहाटे तिनं आईला उठवलं. ती पहाट आम्हा दोघांनाही आठवते. तिच्या आधीची रात्र आम्हाला माहीतच नव्हती. त्या रात्री आमच्या घरात पिस्तूल असतं तर, हा विचार मी पुढे नेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. तुझे धाकटे काका. माडीवरच्या खोलीत राहायचे, ताट वर जायचं, आणि आपण विटीदांडू खेळताना आवाज केला की तुझी आजी ओरडायची. मधूनच महिना-दोन महिने ते झपाटल्यासारखे असत: रात्ररात्र पत्रं लिहीत, सगळ्या गल्लीला पेढे वाटत, आणि मग पुन्हा दार बंद. घरात कुणी आजाराचं नाव घेतलं नाही, "स्वभाव" म्हणून सोडून दिलं. तुझ्या लग्नात ते आले नव्हते आणि वहिनींना आजवर तू त्यांच्याबद्दल धड काही सांगितलेलं नाहीस. ते आता सांगावं लागेल, वहिनींना आणि डॉक्टरलाही. घराण्यात कुणाला असे उंच-खोल झोके येत होते का, यावर औषध कुठलं द्यायचं हे ठरतं. तो आजार, बायपोलर म्हणतात तो, असेल आणि नुसतंच नैराश्याचं औषध दिलं, तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. डॉक्टरनं विचारलं तेव्हा तू "फॅमिलीत कुणाला काही नाही" असं लिहून दिलंस, हे तूच मला सांगितलंस. ते दुरुस्त कर.

वहिनींना राग येईल, येऊ दे. तुमची भांडणं आत्ता कोण बरोबर यावरून चाललीत: तू म्हणतोस आळस, त्या म्हणतात तू फार बोलतोस. "आपण पाच जण एका खोलीत वाढलो, आपल्याला नाही झालं डिप्रेशन" हे वाक्य तर त्याच्यासमोर पुन्हा काढू नकोस. त्याच घरात माडीवर काका होते.

तुझी आणखी एक भीती मला माहीत आहे, की उपचारांची नोंद झाली की पोराच्या नावावर कायमचा डाग. बंदुकीच्याच बाबतीत बघ. खरेदीच्या फॉर्मवर मनाच्या आजाराबद्दल विचारतात ते न्यायालयानं मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलंय का किंवा सक्तीनं इस्पितळात दाखल केलं होतं का, एवढंच. आपणहून थेरपिस्टकडे जाणारा किंवा औषध घेणारा त्यात येत नाही. मग मंडळातले लोक काय म्हणतील? म्हणू देत. त्यांतल्या किती घरांत हेच चाललंय, हे तू तोंड उघडलंस की तुला कळेल. आमची लेक आजारी पडल्यावर मला कळलं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मिशिगनमध्ये 13 फेब्रुवारी 2024 पासून, घरात अठराच्या आतलं मूल असेल तर जवळ नसलेली बंदूक कुलूपबंद पेटीत, नाहीतर रिकामी करून लॉक लावून ठेवावीच लागते. कपाटाचा वरचा कप्पा यात बसत नाही. त्या बंदुकीनं मुलाच्या हातून कुणाचा जीव गेला, त्याचा स्वतःचाही, तर पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तो येत्या उन्हाळ्यात अठराचा होईल आणि त्याच्यापुरतं हे कलम संपेल. आजार काही वाढदिवस बघून जात नाही. उलट अठरा पूर्ण झाले की डॉक्टर सहसा त्याच्या संमतीशिवाय तुमच्याशी बोलणार नाहीत. म्हणून आत्ताच, तो राजी असताना, संमतीच्या कागदावर त्याची सही घेऊन ठेवा. आणि सही नसली तरी तुम्ही डॉक्टरांना सांगू शकता. बंधन त्यांच्या बोलण्यावर आहे, ऐकण्यावर नाही. शिवाय अठराव्या वर्षी तो दुकानातून रायफल स्वतः विकत घेऊ शकतो. तशी वेळ आलीच तर तुमच्या राज्यात घरच्या माणसांना न्यायालयाकडे अर्ज करता येतो, आणि मंजूर झाला तर वर्षभर त्याच्याकडे बंदूक येऊ शकत नाही. ती वेळ येऊ नये असंच मला वाटतं, पण वाट माहीत असलेली बरी.

आता करायचं काय? मी ओहायोत राहतो, त्यामुळे तुझं पिस्तूल मी आणू शकत नाही; दोन राज्यांतल्या माणसांना अशी देवघेव लायसन्सवाल्या विक्रेत्याशिवाय करता येत नाही. तुझ्या गावातल्या मित्राकडे ठेवायचं म्हटलं तरी मिशिगनचे नियम आधी विचारून घ्यावे लागतील. ज्या दुकानातून घेतलंस तिथे फोन कर. काही विक्रेते आणि रेंजवाले भाडं घेऊन सांभाळून ठेवतात, काही पोलीस ठाण्यांतही ठेवून घेतात. ठाण्यात नेणार असशील तर आधी फोन, मगच पिस्तूल, आणि तेही रिकामं करून. आणि ते जाईपर्यंतच्या दिवस-दोन दिवसांत त्याला केबल लॉक लाव, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेव, किल्ली स्वतःच्या खिशात. हे पोराला चोरून करू नकोस. "तू बरा होईपर्यंत ही वस्तू या घरात नको, तू आम्हाला हवा आहेस" असं तोंडावर सांग.

चोरांची भीती आहेच. त्यासाठी अलार्म बसव, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये टाक. शनिवारी सकाळी मी निघतो, दुपारी तुझ्याकडे. दुकानात जायचं असलं तर बरोबर जाऊ, नसलं तर मी वहिनींशी आणि पोराशी गप्पा मारीन. तू नको म्हणालास तरी येणार आहे.

तुझा,
नान्या

ता. क. न्हाणीघरातलं औषधांचं कपाटही रिकामं कर. तुझी, आईंची, जुनी उरलेली, सगळी औषधं कुलपात. त्याचं औषध रोज एका दिवसाचंच काढून हातात द्यायचं, हे काम वहिनींकडे नको, तू घे.