मंद्यास पत्र: जेनिफर केंडलविषयी

विलेपार्ले, मुंबई

प्रिय मंद्या,

"जेनिफर म्हणजे शशी कपूरची बायको ना?" हे तुझं वाक्य वाचून डोकंच फिरलं माझं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद.

बाई १९३३ साली इंग्लंडात, साउथपोर्टला जन्मली. आईवडील, लॉरा आणि जेफ्री केंडल, दोघंही नट. त्यांची 'शेक्सपिअराना' ही फिरती कंपनी हिंदुस्थानभर शाळा-कॉलेजांत आणि राजेरजवाड्यांपुढे प्रयोग करायची. आज या गावात, उद्या त्या, शेक्सपिअर तोच. जेनिफर या कंपनीत नायिका व्हायची. १९५८ मध्ये शशीशी लग्न झालं (बापाला ते मुळीच रुचलं नव्हतं). पुढे धाकट्या बहिणीने, फेलिसिटीने, इंग्लंडात टीव्हीवर नाव काढलं. ही मुंबईतच राहिली.

पडद्यावर तिच्या वाट्याला फार थोडं आलं. 'जुनून' आठवतो? १८५७ ची धामधूम. पठाण झालेला शशी तिच्या पोरीचा हात मागतो आणि ही अट घालते, दिल्ली बंडवाल्यांच्या हातात राहिली तरच लग्न. खऱ्या नवऱ्याला जावई करून घ्यायला टाळाटाळ! गंमत सोड. जीव मुठीत आहे, तरी सौदा स्वतःच्या हातात ठेवणारी ती आई पुन्हा एकदा नीट बघ.

आणि '३६ चौरंगी लेन', १९८१. अपर्णा सेनचं पहिलं दिग्दर्शन, पैसा शशीचा. कलकत्त्यातली अँग्लो-इंडियन मास्तरीण, मिस स्टोनहॅम. शाळेत तिच्याकडचा शेक्सपिअर काढून घेतात आणि व्याकरण गळ्यात मारतात. जुनी विद्यार्थिनी मित्राला घेऊन येते, गोड बोलून तिचा फ्लॅट वापरते. नाताळच्या रात्री बाई केक घेऊन त्यांच्या दाराशी जाते, तर आत पार्टी रंगलेली आणि हिला आमंत्रणच नाही. मग ती रस्त्यावरच्या कुत्र्याला 'किंग लिअर'मधल्या ओळी म्हणून दाखवते. दुसरी कुणी असती तर तिथे आवाज लावला असता. जेनिफर पाठ असलेला धडा म्हणावा तशी म्हणते. सत्तेचाळिशीतली बाई, पण म्हातारपण मेकअपपेक्षा चालीत जास्त. यात मिस स्टोनहॅमच्या भावाचं काम खुद्द जेनिफरच्या वडिलांनी केलंय! बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं, नामांकन मिळालं. बक्षीस मात्र कॅथरीन हेपबर्नला गेलं. मला विचारशील तर हा अन्याय आहे.

जुहूचं 'पृथ्वी' थिएटर तर तुला माहीतच आहे. ५ नोव्हेंबर १९७८ ला पडदा उघडला तो आपल्या गो. पु. देशपांड्यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'च्या हिंदी प्रयोगाने. कारभार जेनिफरचा. प्रेक्षक तिन्ही बाजूंनी, नटाच्या कपाळावरचा घाम दिसेल इतके जवळ. शाळांच्या हॉलमध्ये वाढलेल्या नटीला असंच थिएटर सुचणार! १९८४ च्या सप्टेंबरात, पन्नाशीतच, कॅन्सरने गेली. मिस स्टोनहॅमनंतर खऱ्या अर्थाने कामं यायची वेळ होती रे.

दिवाळीत येणार आहेस ना? 'पृथ्वी'ची तिकिटं आधी काढावी लागतात, तारीख लवकर कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
विनू