तान्ह्या बाळाला एरंडेल चाटवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या महिला पुरवणीत नुकताच तान्ह्या बाळाचं पोट साफ होण्यासाठी म्हणून एक घरगुती उपाय छापून आला. चार दिवस शी झाली नाही तर थोडं एरंडेल मधातून चाटवा, असं त्यात लिहिलं होतं. मी अमळनेर तालुक्यात राहते. आरोग्यसेविका म्हणून सगळी नोकरी खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांवर केली, आता निवृत्त आहे. तो मजकूर वाचून मला स्वस्थ बसवेना. आपला पेपर आमच्याकडे घरोघर जातो, आणि अशी कात्रणं पंचांगात जपून ठेवणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. म्हणून हे पत्र, थोडं लांबलं तरी छापावं ही विनंती.

आधी मधाचं सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला त्यांचं काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडायला लागतं. या आजारात पुष्कळदा शी बंद होणं हीच पहिली खूण असते. म्हणजे ज्या तक्रारीवर मध चाटवायला सांगितला, तीच तक्रार त्या मधाने उभी राहू शकते.

आता मूळ गोष्ट. नुसतं आईच्या दुधावर असलेलं बाळ दिवसातून दहा वेळा शी करतं, आणि तेच बाळ पुढे आठवडाभर एकदाही करत नाही. दोन्ही ठीक असू शकतं. हे घरातल्या मोठ्या माणसांना पटवायला मला जेवढा वेळ लागायचा तेवढा लसीकरणाचं महत्त्व पटवायलाही लागला नाही.

जन्मल्यावर पहिली शी काळपट हिरवी आणि चिकट असते, धुता धुता निघत नाही. ती बहुतेक बाळांना पहिल्या चोवीस तासांत होते. नाही झाली तर डॉक्टरांना सांगायचंच, कारण क्वचित आतड्यात किंवा गुदद्वारात जन्मजात दोष असतो. आईचं दूध पोटात जायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रंग हिरवट-तपकिरी होतो, मग हळदीसारखा पिवळा. त्यात बारीक पांढरट कण असतात. दुपट्यावर ही शी पडली की पाणी कापडात मुरून भोवती मोठा ओला गोल पसरतो आणि मधे पिवळे कण उरतात. तो गोल पाहून 'बाळाला जुलाब लागले' म्हणून घाबरलेल्या बाया मी रोज पाहायची. प्रत्येक पाजण्यानंतर असं होऊ शकतं, कारण पोटात दूध पडलं की आतडं आपोआप हलतं. बाळ नीट ओढतंय, लघवी भरपूर आहे, वजन वाढतंय, तर हे जुलाब नव्हेत.

पण घरात काय होतं? पहिला घाव बाळंतिणीच्या ताटावर पडतो. "तू भरीत खाल्लं म्हणून शी हिरवी झाली." मग तिला वांगं बंद, डाळ बंद, कळण्याची भाकरी बंद, नुसता तूप-भात. जिच्या अंगावर बाळ पितंय तिलाच उपाशी ठेवायचं! बाकी सगळं बरं असेल तर अधूनमधून हिरवी शी होणं चालतं, आईच्या भरिताचा त्यात दोष नाही. खानदेशातल्या बाईने थंडीत भरीत खाऊ नये तर कधी खावं?

महिना-दीड महिना उलटला की उलटी काळजी सुरू होते. माझ्याकडे एक आजी बाळाला घेऊन थेट लसीकरणाच्या रांगेत घुसली होती. "बाई, पाच दिन व्हयी ग्यात, पोऱ्या हागनाच नही!" बाळ तिच्या मांडीवर हसत होतं. पोट मऊ, दुपटं ओलंचिंब, वजनाच्या काट्यावर वाढ उत्तम. पिशवीत मात्र विड्याचं पान, एरंडेलाची बाटली आणि साबणाची वडी. पानाचा देठ तेलात बुडवून बाळाच्या शीच्या जागी घालायचा, हा आमच्याकडचा जुना उपाय. नाहीतर साबणाची कांडी. त्याने ती नाजूक जागा सोलवटते, आणि पुन्हा पुन्हा केलं तर बाळाला बाहेरून डिवचल्याशिवाय शी न करण्याची सवय लागते. या वयात आईचं दूध एवढं अंगी लागतं की मागे फारसं काही उरत नाही. पाच, सात, कधी त्याहून जास्त दिवस जातात आणि मग भरपूर, मऊ शी होते. मऊ आहे म्हणजे बद्धकोष्ठ नाही. खडे पडले, कोरड्या गोळ्या आल्या, तर ते बद्धकोष्ठ. ते वरच्या दुधावरच्या बाळांत जास्त दिसतं.

काही बाळं शी करताना लालबुंद होतात, कुंथतात, दहा-वीस मिनिटं रडतात आणि मग होते ती मऊच. पोटातून जोर लावताना खालचा स्नायू सैल सोडायचा असतो, हे बाळाला अजून जमलेलं नसतं. काही आठवड्यांत आपोआप जमतं. औषध लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. पहिल्या महिन्यात शी फार कमी असेल तर 'चालतं' म्हणून सोडून देऊ नका. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिवसाला तीन-चार वेळा तरी शी आणि सहा वेळा तरी लघवी व्हायला हवी. तसं नसेल तर बहुधा दूध पुरेसं पोटात जात नाही. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, ती यासाठीच. तिला ओट्यावरून परत पाठवू नका. बाळ कसं पाजता ते तिच्यासमोर पाजून दाखवा.

गुटीबद्दल लिहिलं की माझ्या वयाच्या बाया नाराज होतात, तरी लिहिते. हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, वेखंड हे सगळं एकाच सहाणेवर उगाळायचं, तेही माठातल्या पाण्यात. सहाण कोनाड्यात धूळ खात असते. हिरड्याने शी पातळ होते, जायफळाने बाळ गुंगतं, आणि पाण्यातून जंतू जातात ते वेगळेच. तीच गत उन्हाळ्यात चमच्याने पाणी पाजण्याची. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकला तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी लागत नाही. आईच्या दुधात शंभरात अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. जास्त वेळा पाजा, आणि पाण्याचा तांब्या आईजवळ ठेवा.

आता ज्यासाठी मुख्यतः लेखणी उचलली ते. पिवळी, हिरवी, तपकिरी शी चालते. पांढरी, राखाडी, मातकट-फिकी शी कधीच चालत नाही, बाळ कितीही गुटगुटीत दिसो. पंधरा दिवसांनंतरही डोळे पिवळे, लघवी इतकी पिवळी की दुपट्यावर डाग राहतो, आणि शी फिकी, म्हणजे पित्त आतड्यात उतरत नाही अशी शंका घ्यायची. पित्तनलिका जन्मतः बंद असेल तर जपानी शल्यविशारद कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती बाळ ६० दिवसांचं होण्याआधी झाली तर यशाची शक्यता जास्त. आपल्याकडे हे दिवस कोवळ्या उन्हात धरण्यात आणि काविळीची माळ घालण्यात जातात. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक नव्या आईला शीच्या रंगांचं कार्ड देतात, त्यावर रंग ताडून पाहायचा. साधा कागद आहे, पण त्यामुळे बाळं वेळेत दवाखान्यात पोचू लागली.

याशिवाय शीत रक्त, हिरवी उलटी, फुगून ताणलेलं पोट, ताप, दूध ओढायचं बंद होणं, नेहमीपेक्षा एकाएकी पाण्यासारखी, दुर्गंधीची शी होऊन बाळ मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन लावावा. आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याचा आणि उपचारांचा खर्च शासन करतं, हे पुष्कळ घरांना माहीत नसतं. वाटेत अंगावर पाजणं चालू ठेवावं. फक्त उलटी हिरवी असेल किंवा पोट ताणलेलं असेल तर डॉक्टर पाहीपर्यंत पोटात काही देऊ नये.

एरंडेल-मधाचा तो उपाय ज्या पानावर छापला, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तो मागे घ्यावा, ही माझी विनंती. आणि पुढच्या वेळी असा मजकूर एखाद्या बालरोगतज्ज्ञाला दाखवून मगच छापावा. जिल्हा रुग्णालयात ते भेटतात आणि अशा कामाला नाही म्हणत नाहीत.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. अमळनेर, जि. जळगाव