गुलाबी बगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा पानभर फोटो आला होता. मी तो दुकानातल्या काचेवर लावला. दिवा कोळीवाड्यातले एक काका आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले होते. फोटोपुढे उभे राहून म्हणाले, "ताई, हा गुलाबी बगळा कधी आला आपल्या खाडीत?"

चष्मा लावून पाहिलं. कोपऱ्यात खरंच एक बगळा, चोचीपासून शेपटीपर्यंत गुलाबी. खालचा चिखलही गुलाबी!

ऐरोलीत 21 वर्षं डीटीपी (संगणकावर मजकूर-फोटोंची जुळणी) आणि लग्नाच्या अल्बमचं काम करतेय, त्यामुळे काय झालं असणार ते कळलं. फोटोवर नवा लेयर, म्हणजे वेगळा थर, त्यात वर केशरी, खाली गुलाबी असा ग्रेडियंट, म्हणजे एकातून दुसऱ्यात विरणारा रंग, ब्लेंडिंग मल्टिप्लाय, म्हणजे पांढऱ्यावरही तो रंग चढतो. शिफ्ट दाबून माउस वरून खाली ओढला की दोन सेकंदांत संध्याकाळ तयार. गिऱ्हाइकांनी सांगितलं तर मीही करते, सोवळेपणा सांगत नाही. पण नवरीच्या चेहऱ्यावर रंग सांडू नये म्हणून लेयर मास्क घेते, म्हणजे लेयरचा रंग कुठे दिसावा ते ठरवणारा पडदा. मास्कमध्ये काळ्याने झाकायचं, पांढऱ्याने दाखवायचं. काळा-पांढरा ग्रेडियंट मास्कवरच ओढला की आकाशाचा रंग क्षितिजाशी हळूच विरतो. पक्ष्यांवर काळा ब्रश फिरवायला दहा मिनिटं लागली असती.

दुसरी गोष्ट उजेडाची. फोटोत मागे भांडुप-मुलुंडच्या इमारती आहेत, म्हणजे तो आमच्या बाजूने काढलेला. इथून सूर्य खाडीपलीकडे मावळतो, तेव्हा पक्षी उजेडाच्या आड काळपट दिसतात. यांच्या छातीवर मात्र लख्ख ऊन. फोटो सकाळचा असावा, संध्याकाळ नंतर चढवलेली.

कागदावर छपाईच्या ठिपक्यांत खपून गेलं, पण ई-पेपरवर आकाशात पायऱ्या दिसतात. 8 बिटमध्ये एका रंगाच्या 256 छटा. त्यातल्या मोजक्याच पानभर ताणल्या की पट्टे पडणारच. फाइल 16 बिटमध्ये, म्हणजे कितीतरी जास्त छटांत ठेवून ग्रेडियंट ओढताना डिदरवर (शेजारच्या छटा ठिपक्यांनी मिसळणारा पर्याय) टिक केली, वर चिमूटभर नॉइज, म्हणजे बारीक दाणे टाकले, की पट्टे बरेच लपतात. हे शिकवायला मला कोणी नव्हतं. फ्लेक्सवाल्यांच्या शिव्या खाऊन शिकले.

अल्बमातलं आकाश खोटं निघालं तर कुणाचं काही जात नाही. ही खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. शाळेची मुलं पुरवणीतली चित्रं कापून वहीत चिकटवतात. मोठा रोहित (फ्लेमिंगोची एक जात) बराचसा पांढराच असतो, त्याची पिल्लं करडी. अन्नातल्या रंगद्रव्यांमुळे पंखांवर लाली चढायला त्यांना काही वर्षं लागतात. तुमच्या फोटोत सगळे एकाच वयाचे, एकाच रंगाचे.

रंग चढवलेला फोटो असेल तर खाली तसं एका ओळीत लिहा. आणि मूळ फोटो मिळाला तर तोही छापा. काकांना दाखवायचा आहे.

– एक डीटीपी ऑपरेटर, ऐरोली