कॅमेरोच्या पुढच्या स्प्रिंगसाठी काकांचे आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

डेट्रॉइटच्या आपल्या मराठी मंडळींना तुम्ही गणपतीतले काका म्हणूनच माहीत. गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये तुमचा हात कसा चालतो ते मी पाहिलंय, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानते.

माझ्या १९६९च्या शेव्हरोले कॅमेरो गाडीला पुढे कुठल्या स्प्रिंग घालू, एवढंच मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “आधी गाडी वजनावर घे. चारही चाकांखाली वजनकाटे, आणि तू आत बसलेली.”

ड्रॅगच्या (सरळ, छोट्या अंतराच्या शर्यतीच्या) गाडीला पुढे मऊ, लांब स्प्रिंग हवी हे सगळेच सांगतात. का हवी ते तुम्ही समजावलंत. गाडी सुटताना मागच्या चाकांवर किती भार जाणार, हे गाडी किती झपाट्याने वेग घेते, गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत किती अंतर आहे (कॅमेरोत १०८ इंच) यावर ठरतं. स्प्रिंग तो भार तयार करत नाही, नाक उचलायला वाव देते. मग तुम्ही कागद ओढलात. स्प्रिंगवर १५०० पौंड धर. इंचाला ४०० पौंडांची स्प्रिंग पावणेचार इंच दबेल, २५०ची सहा इंच. त्यातले ३०० पौंड उतरले की पहिली पाऊण इंच उघडेल, दुसरी जवळजवळ सव्वा. स्प्रिंग लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) साधारण मध्यावर, म्हणून चाकाशी याच्या दुप्पट. जुन्या स्प्रिंगचे वेढे कापायचा सल्लाही मला मिळाला होता. “वेढे कमी केलेस की उरलेली आणखी कडक होते,” या तुमच्या एका वाक्याने तो विषय संपला.

बसवताना तुमची शिस्त मी विसरणार नाही. लोअर आर्मखाली जॅक, स्प्रिंगमधून ओवून फ्रेमला बांधलेली साखळी, बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणाऱ्या गोल सांध्याचा) नट सैल पण शेवटच्या आट्यांवर ठेवलेला. मग हातोड्याचा ठोका. सांध्याचा घट्ट बसलेला निमुळता दांडा (टेपर) सुटल्यावरही तुम्ही घाई केली नाहीत. नट काढून जॅक इतका सावकाश उतरवलात की स्प्रिंग शेवटी हाताने निघाली. नवी बसवताना टॉर्च धरून आर्मची दोन छिद्रं दाखवलीत: तारेचं टोक एकावर यायला हवं, दुसरं उघडं राहायला हवं. बुशचे (आर्मच्या सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्याशिवाय आवळू दिले नाहीत, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) झाल्याशिवाय ट्रॅकवर जायचं नाही, ही ताकीदही दिलीत.

काका, मायलन ड्रॅगवेवर (मिशिगनमधल्या ड्रॅगच्या ट्रॅकवर) हिरवा दिवा लागला आणि बॉनेट माझ्यासमोर उठलं! मागचे टायर घसरले नाहीत, धरूनच सुटले. पहिल्या ६० फुटांची वेळ कमी झाली. नाक मात्र गिअर बदलताना लगेच खाली येतंय. आता सहज उघडणारे आणि सावकाश दबणारे शॉक अॅब्सॉर्बर बघायचे आहेत. सवड असेल त्या शनिवारी कळवा, मी गाडी घेऊन येते.

काकूंना नमस्कार.

तुमची,
कॅमेरोवाली