ग्रहणाच्या वेळी मुलांना मैदानावर येऊ द्या : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी शाळांमधून आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतो. त्या अनुभवाच्या आधारे आपल्याकडे एकच मागणी करतो आहे : सूर्यग्रहणाच्या वेळी विद्यार्थ्यांना वर्गात कोंडण्याची प्रथा थांबवावी आणि ग्रहण सुरक्षितपणे दाखवण्याची जबाबदारी शाळांवर सोपवावी.

मागे एका खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी मी ज्या शाळेत होतो, तेथे खिडक्या लावून घेऊन मुलांकडून ग्रहणावरचाच धडा वाचून घेतला जात होता. त्याच वेळी मैदानाच्या कडेला झाडाखाली, पानांच्या फटींतून पडणारे एरवीचे गोल कवडसे कोरीसारखे झाले होते आणि वाऱ्यासरशी धुळीत शेकडो अर्धे सूर्य हलत होते. ते पाहायला तेथे मी आणि शाळेचे शिपाई, असे दोघेच होतो. त्या मुलांचे काय हुकले, हे आठवले की आजही हळहळ वाटते.

डोळ्यांविषयीची काळजी रास्तच आहे. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे इजा होत असताना मुलाला ती कळतही नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म किंवा साधा गॉगल यांपैकी काहीही चालत नाही. आयएसओ १२३१२-२ या मानकाचे ग्रहणचष्मेच हवेत, आणि ते लावूनही दुर्बिणीतून सूर्याकडे पाहायचे नाही. चष्मे नसतील तर पुठ्ठ्याला १ मिलिमीटरचे छिद्र पाडावे, सूर्याकडे पाठ करावी आणि १ मीटरवर पांढरा कागद धरावा. त्यावर सुमारे ९ मिलिमीटरचे सूर्यबिंब उमटते आणि त्याचा घास घेत सरकणारी चंद्राची कड सगळ्या वर्गाला एकदम दिसते. याला खर्च जवळजवळ नाहीच.

सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आणि सुमारे तितक्याच पट दूर आहे, म्हणून दोन्ही बिंबे आपल्याला सारखी दिसतात, हे त्या कागदाकडे पाहताना सांगितले तर वेगळे पाठ करावे लागत नाही. प्रत्येक अमावास्येला ग्रहण का होत नाही, हा प्रश्न तर मुले आपणहून विचारतात, आणि चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, हे उत्तर शिक्षकाला चेंडू आणि दिवा घेऊन दाखवता आले पाहिजे. शिक्षकांना एका दिवसाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळावे, असा माझा आग्रह आहे तो यासाठीच. १८६८च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात दिसलेल्या पिवळ्या रेषेतून हेलियमचा माग लागला आणि पृथ्वीवर तो १८९५मध्ये सापडला. अशी हकिकत सांगणारा शिक्षक मुलांच्या कायम लक्षात राहतो.

२ ऑगस्ट २०२७, सोमवारी होणारे खग्रास ग्रहण कमाल ६ मिनिटे २३ सेकंदांचे आहे आणि खग्रास पट्ट्याबाहेरच्या फार मोठ्या प्रदेशातून ते खंडग्रास दिसेल. आपल्या विभागाच्या परिपत्रकांमध्ये ग्रहणाचा उल्लेख आजवर सावधगिरीच्या सूचनेपुरताच होत आला आहे. यापुढे प्रत्येक दृश्य ग्रहणाच्या किमान तीन महिने आधी, निरीक्षणाची रीत आणि सुरक्षेचे नियम चित्रांसह देणारे परिपत्रक काढावे, म्हणजे चष्मे मागवायला आणि पालकांची भीती समजून घेऊन त्यांच्याशी बोलायला मुख्याध्यापकांना वेळ मिळेल.

आपला,
एक आकाशनिरीक्षक