वॉटचा आकडा पुरेसा नाही, बासचा हिशेब मागा

मा. संपादक,

गणेशोत्सवापासून डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनांपर्यंत राज्यात ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम सतत होत असतात. त्यांच्या दरपत्रकात साऊंडपुढे बहुधा एवढंच लिहिलेलं असतं: ‘दहा हजार वॉट’. हे वॉट आरएमएस (सतत मिळणारे) की पीक (क्षणभराचे), याचाही खुलासा नसतो. शेवटच्या रांगेत बास गिटार नीट ऐकू येईल का, हे त्यावरून कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून आयोजकांनी आणि नव्या बासवादकांनी काय विचारावं, हे सविस्तर लिहीत आहे.

चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार सुटी वाजवली की ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. या पट्टीत आपला कान मंद असतो आणि लहान स्पीकरही थकतो. वॉट दुप्पट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. तो ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. ३०० वॉटचा अँप विकून ५०० वॉटचा घेणाऱ्याच्या हाती २ डेसिबलच पडतात, आणि ते सभागृहात कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

त्यापेक्षा कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या, कागदावरची संवेदनशीलता पाहा, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर किती डेसिबल. बारा इंची एका स्पीकरचं कॅबिनेट ९६ डेसिबलचं धरू. ३०० वॉटला ते कागदोपत्री १ मीटरवर १२१ डेसिबल देईल. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, म्हणजे १६ मीटरवर ९७ उरतात. बंद सभागृहात भिंतींमुळे घट थोडी कमी असते, पण स्पीकरमधली तापलेली व्हॉइस कॉइल (तारेचं वेटोळं) दोन-तीन डेसिबल खाते. शिवाय हा आकडा मधल्या पट्टीचा आहे. ४१ हर्ट्झला लहान कॅबिनेट आणखी १० डेसिबलने खाली असतं. अँपेगचं आठ दहा-इंची स्पीकरांचं ६० किलोंहून जड प्रसिद्ध कॅबिनेटसुद्धा ४० हर्ट्झला तितकंच उतरलेलं असतं. त्याचा दम ६० हर्ट्झच्या वर आहे.

पैसे असतील तर आधी तसंच दुसरं कॅबिनेट घ्या. ८ ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात. ८ ओहमला ३०० वॉट देणारा अँप तिथे ५०० देतो, आणि दोन स्पीकर एकत्र हलल्यामुळे ३ डेसिबल वेगळे मिळतात. एकूण ५ डेसिबलची ही वाढ स्पष्ट कळते. ४ ओहमची दोन जोडली तर मात्र २ ओहम होतात, आणि ‘किमान ४ ओहम’ लिहिलेला अँप मध्यंतराआधीच बंद पडतो किंवा जळतो. जोडणी स्पीकर केबलनेच करावी, शक्यतो स्पीकॉनने (फिरवून अडकणाऱ्या स्पीकर-प्लगने). गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी आतली तार बारीक असते, ती तापते.

दोन-तीनशे श्रोत्यांच्या हॉलमध्ये ४ ओहमला खरे ५०० वॉट आणि चार दहा-इंची स्पीकरांचं एक कॅबिनेट किंवा तेवढ्याच तोडीची दोन कॅबिनेट पुरतात. आठशे-हजार आसनांच्या नाट्यगृहात हा मार्गच सोडून द्यावा. तिथे बास अँप वादकाला आणि ड्रमवाल्याला ऐकू येण्यापुरता ठेवावा आणि हॉल भरण्याचं काम सबवर (खालच्या स्वरांच्या मोठ्या सबवूफर स्पीकरांवर) सोपवावं. अँप मागच्या रांगेपर्यंत पोहोचवायला गेलं की पहिल्या तीन रांगा बधिर होतात आणि गायिकेच्या माइकमध्ये बास शिरतो. कॅबिनेट खुर्चीवर किंवा फ्लाइट केसवर चढवून कानाच्या दिशेला करा. आवाज गुडघ्यांऐवजी कानाशी आला की वादक स्वतःच नॉब खाली आणतो.

मिक्सरकडे सिग्नल डीआय बॉक्समधून जावा, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणाऱ्या छोट्या डबीतून. बासमध्ये बॅटरी नसेल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय बरा, कारण त्याचा इनपुट १ मेगओहमच्या आसपास असतो आणि पिकअपचा वरचा आवाज मरत नाही. त्याला बहुधा मिक्सरवरून ४८ व्होल्ट फँटम (सिग्नलच्या केबलमधूनच जाणारी वीज) द्यावं लागतं. घरघर आली तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलचं ग्राउंड सोडवणारं बटण) दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, त्याने जीव जातो.

आठशे-हजार आसनांच्या बंद हॉलसाठी अठरा इंची चार सब मागावेत, उघड्या मैदानावर त्याच्या दुप्पट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कुठे ठेवले आहेत. मागच्या भिंतीपासून सब २ मीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लाट बरोबर ४३ हर्ट्झला उलटी येऊन मूळ लाट कापते, म्हणजे थेट बासचा तळच जातो. इक्वलायझरने कितीही वाढवलं तरी ती पोकळी भरत नाही. सब भिंतीला टेकवावा किंवा चांगला दूर न्यावा. दोन बाजूंना दोन-दोन ठेवले की मधल्या पट्ट्यात बास धो-धो आणि त्याच्या दोन्ही अंगांना गायब, असं होतं. चारही स्टेजपुढे मध्यभागी एकत्र ठेवले तर सगळ्या हॉलला सारखा मिळतो. बहुतेक ठिकाणी मान्यवरांच्या खुर्च्यांसाठी ही जागा अडवलेली असते, ती आयोजकांनी कृपया मोकळी करावी.

आता अँपवरच्या बास नॉबबद्दल. ४० हर्ट्झला १० डेसिबल वाढवले की त्या स्वराला दहापट वॉट लागतात. ५० वॉटवर चाललेला अँप त्या क्षणी ५०० मागतो आणि क्लिप होतो, म्हणजे ताकद संपून आवाज फाटतो. मग ट्वीटर जळतो किंवा कोन खडखडतो. उलट ३५ हर्ट्झखालचं सगळं फिल्टरने कापा. पाच तारांच्या बासचा खालचा बी ३१ हर्ट्झचा असला तरी ६२ आणि ९३ हर्ट्झच्या उपस्वरांवरून कान तो ओळखतो. ग्रॅनाइट आणि पीओपीच्या मंगल कार्यालयात १२० ते २०० हर्ट्झ घुमतं, तिथे तीन-चार डेसिबल कमी करा. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि बास सोडून बाकी सगळ्या चॅनेलना १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा. तबल्याच्या डग्ग्याला तो थोडा खाली, ६० च्या आसपास ठेवा.

शेजाऱ्यांच्या तक्रारींचंही मूळ इथेच आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधली मर्यादा डीबी-ए मध्ये मोजली जाते आणि या मोजणीत ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो. डेसिबल मीटर शांत असताना समोरच्या इमारतीच्या काचा थरथरू शकतात. संयोजकांनी त्याच मीटरवर ‘सी’ (खालचा आवाज जवळजवळ पूर्ण धरणारी मोजणी) लावून हद्दीवर एकदा तपासावं.

शेवटी वीज. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सैल झाला की २३० व्होल्टच्या जागी ४०० पर्यंत येतात आणि जे चालू असेल ते एका फटक्यात जातं. काहीही जोडण्याआधी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २२० ते २४० आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत असल्याची खात्री करावी. जनरेटरवर असाल तर लाइटिंग सुरू करून पुन्हा मोजावं.

— एक ध्वनिसंयोजक, ठाणे