रात्री तीनचं भांडण

नाशिक,
मंगळवार, रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. 'डोळे मिटले की डोक्यात बाजार भरतो, मला ध्यान जमणार नाही,' असं तू लिहिलंयस. हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

वडील गेल्यावर गावच्या वाटणीवरून धाकट्याशी माझं बिनसलं, ते तुला ठाऊक आहेच. तेव्हा रोज रात्री तीनला जाग यायची आणि भांडण सुरू व्हायचं. मी बोलायचो, तो उलट उत्तर द्यायचा, मी त्याला निरुत्तर करायचो. उजाडेपर्यंत छाती धडधडत असे. प्रत्यक्षात आम्ही दोन महिने एक शब्द बोललो नव्हतो.

योगाच्या वर्गाला जायला लागलो ते कंबरेसाठी. तिथल्या बाईंनी एकदा पतंजलींनी सांगितलेल्या चित्ताच्या पाच वृत्ती समजावल्या: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. विकल्पाचं सूत्र आहे, 'शब्दज्ञानानुपाती वस्तुशून्यो विकल्पः'. म्हणजे शब्द आहेत, शब्दांमागे मन धावतंय, पण त्या शब्दांना वस्तूच नाही. वहीत उतरवून घेताना माझा हात थांबला. धाकटा जे कधी बोललाच नव्हता, त्याचा राग मी रात्र रात्र उरात घेऊन बसलो होतो. त्या रात्री तीनला जाग आली तेव्हा मनाशी म्हटलं, 'हा विकल्प.' भांडण थांबलं नाही, पण पहिल्यांदाच मी त्यात नव्हतो, बाजूला बसून ऐकत होतो.

जप त्यानंतर सुरू केला. टाकळी तुला आठवते ना? नंदिनी गोदावरीला मिळते तिथं, गोमय मारुतीचं देऊळ. समर्थांनी तिथं बारा वर्षं नदीत उभं राहून तेरा अक्षरांच्या राममंत्राचा तेरा कोटी जप केला, अशी परंपरा आहे. लहानपणी आजी सांगायची तेव्हा मला त्या तेरा कोटींचंच अप्रूप वाटायचं. आता वाटतं, खरी गोष्ट त्या तेरा अक्षरांत आहे. बडबडणाऱ्या मनाला 'गप्प बस' म्हटलं की ते जास्तच बोलतं. मंत्र त्याला गप्प करत नाही, बोलायलाच देतो, फक्त एकच वाक्य देतो.

मी कसं करतो ते सांगतो. आधी दहा मिनिटं हलकी आसनं, नाहीतर गुडघेच लक्ष मागतात. मग ताठ बसून 'श्रीराम जय राम जय जय राम' एका सावकाश उच्छ्वासात एकदा, पुटपुटत. श्वास आपसूक आत येतो, तो ओढायचा नाही. गंमत बघ, २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हूं' म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची, रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळली. उच्छ्वास लांबला की नाडी मंदावते, हे तर तुला मनगटावर बोट ठेवूनही कळेल. तुझी रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नकोस, आणि श्वास कोंडण्याचे प्रकार करू नकोस.

आता तुझा बाजार. माझ्याकडे आजीची तुळशीची माळ आहे, तिचा एक मणी टवका उडालेला. अंगठ्याला तो लागला की मी बघतो, मन कुठंय? पहिले कित्येक दिवस ते धाकट्याच्या दारात असायचं. मी परत आणायचो, ते परत जायचं. एके दिवशी तो मणी आला तेव्हा मन धाकट्याकडे नव्हतंच. वडिलांचा शेवटचा फोन वाजत होता. मी मीटिंगमध्ये होतो, उचलला नव्हता, 'संध्याकाळी करू' म्हणालो होतो. त्या संध्याकाळी ते बोलण्याच्या स्थितीत राहिले नव्हते. माळ हातात तशीच राहिली आणि मी खूप रडलो.

वाटणी, बांध, सातबारा हे सगळं त्या न उचललेल्या फोनवर मीच घातलेलं पांघरूण होतं. जप केला नसता तर मला ते कधी कळलं नसतं, कारण रागाच्या गोंगाटात दुःखाचा आवाज ऐकूच येत नव्हता. म्हणून सांगतो, बाजार भरला तर भरू दे. तू माळ सोडू नकोस. तुझं मन पुन्हा पुन्हा कुठल्या दुकानापाशी थांबतं तेवढं बघ.

धाकट्याला मी पुढच्या रविवारी फोन केला. वाटणीचा विषय काढला नाही. म्हटलं, बाबांचा त्या दिवशी तुला फोन आला होता का रे? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आला होता. मीही उचलला नव्हता."

अजूनही कधीतरी तीनला जाग येते. मग उठत नाही, तसाच पडून मनात म्हणत राहतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे आलास तर टाकळीला पहाटेच जाऊ.

तुझाच